सरकारनियुक्त साहेब

९ जानेवारी

सेवाभावी संस्थांचा नवा कायदा लागू झाला. सकाळी केंद्रात आले तर आमचे वकील माझ्याआधीच येऊन बसलेले. चांगली बातमी असली की ते फोन करतात, वाईट असली की स्वतः येतात. त्यांचा फोन शेवटचा कधी आला होता ते मला आठवत नाही. त्यांना आम्ही पाठीमागे 'परंतु' म्हणतो. आता बहुतेक पुढ्यातही म्हणतो.

"केंद्र चालू ठेवता येईल," ते म्हणाले.

मी पुढच्या शब्दाची वाट बघत खुर्ची ओढली.

"परंतु तीन अटी आहेत."

एक, एकाच कुटुंबातली दोन माणसं कार्यकारिणीत चालणार नाहीत. म्हणजे मी किंवा वहिनी. दोन, दरवर्षी जूनअखेर सातत्याचा दाखला घ्यायचा. दाखला नसला तर काम बंद, बँकेतलं खातं बंद आणि नगरपालिकेने दिलेली ही जागाही परत. तीन, प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीवर सरकार आपला एक माणूस नेमणार. त्याच्या सहीशिवाय दाखला नाही.

"म्हणजे घरजावईच की," वहिनी आतून म्हणाल्या.

"घरजावई निदान येताना भाजी तरी आणतो," मी म्हणाले.

हे केंद्र वहिनींनी आणि मी काढलं, बाबांच्या आजारपणानंतर. बाबा आम्हाला विसरले, मग घर विसरले, शेवटी गिळायचं कसं ते विसरले. ते गेले आणि आमची सवय राहिली. आता तीसेक घरांतली विसरणारी माणसं सकाळी इथे येतात आणि संध्याकाळी परत जातात. तेवढ्या वेळात त्यांच्या घरचे लोक नोकरी करतात, झोपतात किंवा नुसतेच रडून घेतात.

वहिनींनी राजीनाम्यावर पाच मिनिटांत सही केली. "मला तसंही सभेत डुलकी लागते," म्हणाल्या. ज्या बाईने इथली पहिली खुर्ची स्वतः उचलून आणली ती आजपासून कायद्याने स्वयंसेविका. मी कार्यवाह. उद्यापासून मला सांभाळून बोलावं लागणार, नाहीतर स्वयंसेविका चहा देणार नाही.

६ फेब्रुवारी

पहिली बैठक. सरकारनियुक्त आले. निवृत्त अधिकारी. कडक इस्त्री, चकचकीत बूट, कमी बोलणं. आल्याबरोबर आम्ही सगळे उभे राहिलो. का ते माहीत नाही, गुडघ्यांना सवय असते.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "या संस्थेचा उद्देश काय?"

मी सांगितलं. बैठक संपता संपता त्यांनी पुन्हा विचारलं, "उद्देश काय म्हणालात?" मी जरा सविस्तर सांगितलं. दारापाशी बूट घालताना तिसऱ्यांदा विचारलं, "तुम्ही इथे नेमकं कुणासाठी काम करता?"

ही पोलिसी पद्धत. एकच प्रश्न तीनदा विचारायचा आणि तिसऱ्या खेपेला उत्तर बदलतंय का ते बघायचं. माझं उत्तर बदललं नाही, पण घाम बदलला.

वहिनी कप उचलताना म्हणाल्या, "साहेबांनी साखर दोनदा घातली."

"गोड बोलण्याची तयारी असेल."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं असं बघणं मला आवडत नाही. परिचारिका होत्या, ती नजर अजून गेलेली नाही.

११ फेब्रुवारी

इतर संस्थांना फोन केले. अंधशाळेच्या नियुक्ताला पुतण्याला चिकटवायचंय. वाचनालयाच्या नियुक्ताला दर बैठकीत हार लागतो. कुत्र्यांच्या दवाखान्याचे नियुक्त कुत्र्यांना भितात, त्यामुळे त्यांच्या बैठका गाडीत होतात, काच थोडी खाली करून.

आमचे साहेब काहीच मागत नाहीत. म्हणजे पुढे फार मोठं काहीतरी मागणार. मी अजून विचारातच आहे, आमच्याकडे मागण्यासारखं आहे तरी काय?

५ मार्च

दुसरी बैठक. उद्देश ठळक अक्षरांत छापून भिंतीवर लावला होता. साहेबांनी तो मन लावून वाचला आणि खुर्चीवर बसून विचारलं, "या संस्थेचा उद्देश काय?"

माणूस कसलेला आहे.

मध्येच हात धुवायला म्हणून उठले आणि थेट सामानाच्या खोलीत गेले. आतून दार लावून घेतलं. बाहेर आम्ही सगळे दाराला कान लावून उभे. मागच्या रांगेत मुदत संपलेल्या हातमोज्यांची खोकी होती, ती टाकायची राहिली होती. बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. कपाळावर घाम.

"सगळं व्यवस्थित आहे," ते म्हणाले.

खोकी त्यांना दिसली नाहीत असं होणंच शक्य नाही. दिसली आणि गप्प बसले. हे जास्त वाईट. आमचे परंतु म्हणाले, "आता ते योग्य वेळी बाहेर काढतील."

खोकी आम्ही संध्याकाळी बाहेर काढली.

१९ मार्च

धाड!

आज बैठक नव्हती, काही नव्हतं. सकाळी साहेब दारात हजर. तीच इस्त्री. मी कार्यालयात पळाले, फायली मांडल्या, चुरगळलेली ओढणी नीट केली. वाट बघते तर साहेब येईचनात. शोधायला गेले तर मोठ्या दालनात मास्तर आणि बँकवाल्या काकू यांच्यामध्ये बसून रुमालांच्या घड्या घालताहेत.

मास्तर पूर्वी शाळेत होते आणि अजून आहेत. त्यांनी साहेबांना विचारलं, "कुठल्या तुकडीतला?"

"बदली झाली," साहेब म्हणाले.

"मग दाखला आणलास का?"

"दाखला मीच देतो."

"वा! हुशार आहेस. बस."

काकू चाळीस वर्षं बँकेत खिडकीमागे बसल्या. त्यांनी साहेबांकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुमची सही जुळत नाही," म्हणाल्या. "उद्या या."

साहेब हसले. मोठ्याने. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि दारातच थांबले. लाभार्थ्यांशी एवढी जवळीक म्हणजे प्रत्येकाकडून माहिती काढणार. जेवणात काय मिळतं, हात उचलतात का, सगळं. मास्तर काय सांगतील याचा नेम नाही. परवा त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, की मी त्यांची तीन वेळा नापास झालेली विद्यार्थिनी आहे.

जेवणाच्या वेळेपर्यंत साहेब तिथेच. घड्या सुरेख घालतात. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, ऐक जरा. मला वाटतं..."

"वाटण्याची वेळ नाही वहिनी, आधी स्वयंपाकघर आवरा!"

त्या गेल्या. आवरायलाच गेल्या असाव्यात.

२ एप्रिल

शेजारपाजारच्या देशांतल्या आमच्यासारख्याच संस्थांची संगणकावर सभा. आठ चौकोन, सात दमलेल्या बाया आणि एक पुरुष. त्याचा आवाज येत नव्हता म्हणून तो सगळ्यात समंजस वाटला.

विषय होता 'अनुभवांची देवाणघेवाण'. प्रत्यक्षात झाल्या सासवांच्या गोष्टी. एकीकडे म्हणे संस्थेला आधी एखादं सरकारी खातं पालक म्हणून शोधावं लागतं. पालक मिळेना तर संस्था अनाथ, आणि अनाथांना परवानगी नाही. दुसरीकडे बाहेरून देणगी आली की आधी एका मोठ्या बँकेत जाऊन उभं राहायचं आणि पैशाने रस्त्यात काय काय केलं ते सांगायचं. एकीच्या देशात कायदाच नाही. आम्हाला हेवा वाटला. ती म्हणाली, "कायदा नाही म्हणून तर कुणीही येऊन दम देतं. तुमची सासू निदान दिसते तरी. माझी भिंतीतून बोलते."

सगळ्या हसलो. मग सभा संपली.

माझं वय वाढतंय ते वर्षांनी नाही, नियमांनी. पूर्वी मी लोकांचे हात धरायचे. आता दिवसभर लिहिते, की आम्ही लोकांचे हात धरतो.

२३ एप्रिल

साहेब पुन्हा वेगळ्याच दिवशी. या महिन्यात तिसरी धाड. सुरुवातीला आम्ही धावपळ करायचो. आता मी खुर्चीतून उठतही नाही. भीती पण थकते.

या वेळी त्यांच्या पत्नी फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी दुरुस्त करून दिली."

"सरकारी माणूस आहे. एक बटण वर, एक खाली, हेच तर त्यांचं धोरण."

"तुला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो ना, वन्सं, हा एक दिवस तुझ्या अंगाशी येणार आहे."

'वन्सं' म्हणाल्या म्हणजे रागावल्या आहेत. एरवी 'अगं'वर भागतं. का रागावल्या ते विचारायचं ठरवलं होतं, पण दाखल्याच्या अर्जाला जोडायच्या कागदांत विसरले.

१४ मे

आज नवीन कुटुंबांसाठी माझं व्याख्यान होतं. दर दोन महिन्यांनी देते. 'विसरण्याच्या दहा खुणा'. मला ते इतकं पाठ आहे, की बोलता बोलता मी मनात घरचा किराणा लावते.

साहेब मागच्या रांगेत येऊन बसले. मी मनात म्हटलं, आता व्याख्यानाचीही तपासणी.

पहिली खूण, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं. दुसरी खूण, वार, तारीख, ठरलेली वेळ यांचा घोळ. तिसरी खूण, ओळखीच्या जागेत वाट चुकणं. जसं की हात धुवायला जायचं आणि भलत्याच खोलीत...

मी थांबले.

मागच्या रांगेतून साहेब माझ्याकडे बघत होते. तपासायला आलेला माणूस असा बघत नाही. पुढे बसलेल्या बायका बघत होत्या, तसंच बघत होते. पुढची खूण कुठली येते याची वाट बघत.

उरलेल्या सात खुणा मी सांगितल्या. कशा सांगितल्या देव जाणे. चहा करतानाचे घोळ. कपड्यांचे घोळ. मी एकेक सांगत होते आणि साहेब प्रत्येक खुणेला अगदी थोडी मान हलवत होते.

व्याख्यान संपल्यावर वहिनींना शोधलं. त्या भाजी निवडत होत्या.

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"साखरेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ऐकलंस कधी? तुला साहेब दिसत होते. माणूस दिसला असता तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंस."

मी तिथेच बसून अर्धी भाजी निवडली. त्यांनी ती सगळी पुन्हा निवडली.

१५ मे

परंतुंना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"सही त्यांचीच लागणार. आजारी माणसाची सही चालत नाही. आजार जाहीर झाला की सही गेली, सही गेली की दाखला गेला."

"मग?"

"परंतु आजार जाहीर झालेला नाही." त्यांनी पेपरवेट थांबवला. "ते इथे तपासायला येतात अशीच सगळ्यांची समजूत आहे. तुमचीही होती. ती अजून तीन आठवडे राहू द्या."

म्हणजे जिथे आम्ही घरच्यांना सांगतो, 'लपवू नका, लवकर दाखवा, सही-बिही घेऊ नका, त्यांचा फायदा घेऊ नका', तिथे आम्हीच त्यांना चहा पाजून सही घ्यायची.

आणि नाही घेतली तर तीस घरं. मास्तरांची सून दिवसभर कारखान्यात उभी असते. ती मास्तरांना कुठे ठेवणार?

मी कधीतरी शहाणी होते असं लोक म्हणायचे. आज मला फक्त डोकं दुखतंय.

२१ मे

साहेबांच्या पत्नी आल्या. फाटकापर्यंत यायच्या, आज आत आल्या. पदराने चेहरा पुसून म्हणाल्या, "तुम्हाला कळलंय ना?"

"हो."

"मग एक करा. त्यांना रोज येऊ द्या, पण नाव लिहू नका. नोंद नको. लोक विचारतील. एवढी वर्षं मानाने काढली त्यांनी."

"नाव लिहिलं नाही तर डॉक्टर तपासणार नाहीत. औषध मिळणार नाही."

"औषधाने बरं होतं का?"

"नाही. थोडं सावकाश होतं."

"मग सावकाश कशाला?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच दचकल्या. "तसं नाही हो म्हणायचं मला."

त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "हा कायदा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. माणूस नेमायचं कलम तर त्यांनी स्वतः लिहिलं. जेवताना सांगायचे, प्रत्येक संस्थेत एक तरी भानावर असलेला माणूस हवा."

मला हसू आलं नाही. येईल कधीतरी, उधार ठेवलंय.

"मग त्यांना इथे कुणी नेमलं?"

"त्यांनीच मागून घेतलं. मोठमोठ्या संस्था होत्या हो! यादीत तुमच्याच संस्थेचं नाव दाखवून म्हणाले, मला इथे द्या."

घरापासून जवळ पडत असेल.

त्या गेल्यावर लक्षात आलं. दोघींचाही फायदा एकाच गोष्टीत आहे. त्यांचा मान राहतो, आमचा दाखला राहतो. फक्त ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याला औषध मिळत नाही. इतका सोयीचा गुन्हा मी आजवर पाहिला नव्हता.

४ जून

बैठक. दाखल्याचा कागद टेबलावर. अध्यक्ष नेहमीप्रमाणे डोळे मिटून विचारात. आमचे परंतुही आज खास हजर.

साहेबांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला, बोट ठेवून वाचायला लागले. 'मी या संस्थेचे कामकाज स्वतः तपासले असून...' शेवटच्या ओळीपर्यंत आले. मग बोट पुन्हा वर गेलं. 'मी या संस्थेचे कामकाज...' पुन्हा शेवटपर्यंत. पुन्हा वर. कितव्यांदा ते मोजायचं मी सोडून दिलं. दालनातून मास्तरांचा पाढे म्हणून घेण्याचा आवाज येत होता.

"साहेब, इथे खाली सही," परंतुंनी पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"वाचल्याशिवाय मी सही केलेली नाही. नोकरीत एकदाही नाही."

"आत्ताच वाचलंत की!"

"वाचलं?" साहेबांनी पेन धरलेला हात थांबवला. परंतुंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "मी वाचलं का हो?"

गंमत अशी, की 'हो' म्हणणं खोटंही नव्हतं. वाचलं तर होतंच, पुन्हापुन्हा. टेबलाखालून आमचे परंतु माझा पाय दाबत होते. त्यांच्या वयात शोभत नाही. एक अक्षर बोलायचं होतं. तीस घरं, ही जागा, ते दालन, सगळं त्या एका अक्षरावर.

मी म्हणाले, "वाचलंत, साहेब. त्यात काय लिहिलंय ते सांगता येईल?"

साहेबांनी कागद पालथा घातला. परीक्षेत घालतात तसा. बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "मग सही कशी करू?"

मी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि टोपण लावलं.

५ जून

काल रात्रीपासून स्वतःला विचारतेय. मला खरंच त्यांची कणव आली, की त्यांनी परंतुंना सोडून मला विचारलं म्हणून मी फुशारले? खरेपणा हीसुद्धा एक चैन आहे. ती मी दुसऱ्यांच्या जिवावर केली.

खात्याला पत्र लिहिलं. सदस्य आजारी आहेत, दुसरे नेमावेत, तोवर मुदत द्यावी. साहेबांचं नाव केंद्रात रीतसर नोंदवलं.

मास्तरांची सून संध्याकाळी आली. कुणीतरी सांगितलंच होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "एक सही होती, ताई," एवढंच म्हणाली.

साहेबांच्या पत्नीचा फोन आला. "तुम्ही त्यांना कागदावर वेडं केलंत." ठेवला.

वहिनी मात्र म्हणाल्या, "बरं केलंस."

मला जरा धीर आला.

"आता एक जुलैपासून हे बरं कुठे बसवायचं तेवढं सांग. मास्तरांच्या शेजारी की काकूंच्या?"

१८ जून

खात्याचं उत्तर आलं. इतक्या लवकर कधी येत नाही, म्हणजे नकारच असणार हे पाकिटावरूनच कळलं.

सदस्याने स्वतः, भानावर असताना, कारण नमूद करून लेखी राजीनामा दिल्याशिवाय जागा रिकामी झाली असं मानता येत नाही. जागा रिकामी नाही म्हणून नवीन सदस्य नाही. सदस्याची सही नाही म्हणून दाखला नाही. मुदतवाढ दाखला असलेल्यांनाच मिळते.

परंतुंनी पत्र दोनदा वाचलं.

"बोला," मी म्हणाले.

ते काहीच बोलले नाहीत. मला वाटतं हे त्यांचं सगळ्यात स्पष्ट मत होतं.

३० जून

आज शेवटचा दिवस. नगरपालिकेची माणसं कुलूप घेऊन आली. दोघं तरुण, बिचारे सारखे पायांकडे बघत होते. एकजण म्हणाला, "माझी आजी पण अशीच आहे." मी त्याला आमचं पत्रक दिलं. मग आठवलं, पत्ता आता उपयोगाचा नाही.

मास्तर जाताना सगळ्यांना सांगत होते, "शाळेला सुट्टी लागली. उनाडक्या करू नका." काकूंनी हातातले रुमाल मोजून माझ्या ताब्यात दिले आणि पावती मागितली. दिली.

परंतुंनी कायदा पुन्हा समजावला. दाखला गेलेल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याने वर्षभर त्याच प्रकारची सेवा कुठेही करायची नाही. पगारी नाही, फुकट नाही, दुसऱ्या संस्थेतही नाही. केली तर कायमची बंदी.

"म्हणजे मी कुणाला जेवूही घालायचं नाही?"

"घरच्यांना चालेल."

खुर्च्या कुलपाआड राहिल्या. पहिली खुर्ची वहिनींनी उचलून आणली होती. न्यायची परवानगी मात्र त्यांनाही नव्हती.

९ जुलै

आठवडाभर मी घरीच होते. इतकी झोपले, की अंग दुखायला लागलं.

वहिनी पदाधिकारी नाहीत. जानेवारीत त्यांना काढलं ते बरंच झालं म्हणायचं. त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत शेजारधर्म म्हणून काही जणांना बसवायला सुरुवात केली आहे. तीस मावणं शक्यच नाही. सात मावतात, आठवा आला की कुणीतरी उभं राहतं. मास्तर मावले. काकू नाही मावल्या. त्यांच्या मुलाने त्यांना दूरच्या एका निवासात ठेवलं. भेटीला जायचं तर मला आधी खात्याचं पत्र लागेल, का ते विचारलं नाही.

आज मी वहिनींकडे गेले. नणंद म्हणून. हातात केळी, पाहुणी असल्याचा पुरावा.

दार उघडलं आणि दारातल्या खुर्चीवर साहेब! इस्त्रीचा शर्ट, बटणं सरळ. त्यांच्या पत्नी आत वहिनींबरोबर कपबशा पुसत होत्या. मला बघून त्यांनी मान वळवली, मग पुन्हा इकडे केली. "घरात एकटीने होईना," एवढंच म्हणाल्या. माफी कुणी कुणाची मागायची ते ठरलं नाही, म्हणून कपबशा पुसणं चालू राहिलं.

"औषध?" मी विचारलं.

"सुरू झालंय. नोंद आहे ना त्यांची. डॉक्टरांनी केंद्राची जुनी चिठ्ठी चालवून घेतली."

चला, बंद पडलेल्या केंद्राने जाता जाता एक काम केलं.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. हात मांडीखाली दाबून. मास्तर पाढे घेत होते. एका आजींचा चहा सांडत होता. मी बघत होते. बघायला बंदी नाही.

साहेब उठायला लागले. त्यांना कुठेतरी जायचं होतं, कचेरीत असेल. उजव्या बुटाची लेस सुटून लोंबत होती. पुढचं पाऊल टाकलं असतं तर तोंडावर पडले असते. मी जाऊन खाली वाकले.

"वन्सं!" आतून वहिनी. "तुझ्यावर बंदी आहे हं."

"लेस बांधणं सेवेत येतं का?"

"मला काय विचारतेस? कायदा करणारे तुझ्यापुढे उभे आहेत. त्यांना विचार."

मी गुडघ्यावर बसूनच वर पाहिलं. "साहेब, बांधू का?"

साहेबांनी भुवया जवळ आणल्या. खोलीतल्या सगळ्यांवरून नजर फिरवली, जणू प्रत्येकाचं मत घेत होते. मास्तरसुद्धा पाढा थांबवून बघत होते.

"परवानगी लागेल," साहेब म्हणाले, आणि पाय पुढे केला.